डिबगर काढून प्रात्यक्षिक घ्या

मा. संपादक,
स. न.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकात टेबलावर लॅपटॉप असतो, त्याला डिबगर (बोर्डात प्रोग्रॅम भरणारे आणि तो थांबवून तपासणारे उपकरण) आणि डिबगरला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. एलईडी लुकलुकतो, गुण पडतात. तोच बोर्ड सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पॅनेलमध्ये बसवून वीज दिली की ढिम्म. मग खापर फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टमवर नाहीतर ‘चिनी बोर्डा’वर फुटते. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो.

टेबलावर ॲप्लिकेशन, म्हणजे विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम, एकतर फ्लॅशच्या (चिपमधल्या कायम टिकणाऱ्या मेमरीच्या) अगदी आरंभी बसवलेले असते, नाहीतर जीडीबी या डिबगिंग सॉफ्टवेअरची ‘लोड’ आज्ञा प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठे आहे ते सांगणारे रजिस्टर) थेट ॲप्लिकेशनवर नेऊन ठेवते. दोन्हींत बूटलोडरला, म्हणजे वीज येताच आधी चालून ॲप्लिकेशन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, वळसा घातला जातो. कारखान्यात मात्र त्याच्याच दारातून आत यावे लागते.

एसटीएम३२एफ१०३ म्हणजे ‘ब्लू पिल’ बोर्डाचेच घ्या. त्याची फ्लॅश हेक्स ०८०००००० पासून सुरू होते. बूटलोडरला १६ किलोबाइट दिले तर ॲप्लिकेशन ०८००४००० वर येते. लिंकर स्क्रिप्टमधला (कोड मेमरीत कुठे बसवायचा ते सांगणाऱ्या फाइलमधला) हा आरंभ सगळे बदलतात. लांबी ६४ वरून ४८ किलोबाइट करायची मात्र राहून जाते. त्याहून मोठी चूक व्हीटॉर रजिस्टरची. इंटरप्ट (चालू काम थांबवणारा संकेत) किंवा अपवाद आला की चालणाऱ्या हँडलरांच्या पत्त्यांचा तक्ता कुठे आहे, ते त्यात असते. बूटलोडरने तिथे नवा पत्ता लिहिला तरी जुन्या लायब्ररीतले सिस्टमइनिट हे आरंभीचे फंक्शन तो पुसून पुन्हा ०८०००००० लिहिते. नव्या लायब्ररीत ती ओळ बंद असते, ती चालू करून ऑफसेट हेक्स ४००० द्यावा लागतो.

हे चुकले तर ‘मेन’ व्यवस्थित चालतो आणि शेड्यूलर (टास्क म्हणजे कामे आळीपाळीने चालवणारा भाग) सुरू होताच सगळे गोठते. फ्रीआरटीओएस पहिला टास्क एसव्हीसी या सॉफ्टवेअरनेच उठवलेल्या अपवादातून सुरू करते. प्रोसेसर त्याच्या हँडलरचा पत्ता बूटलोडरच्या तक्त्यात शोधतो आणि तिथल्या रिकाम्या लूपमध्ये फिरत बसतो. फ्रीआरटीओएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये एसव्हीसी, पेंडएसव्ही (टास्क बदलणारा) आणि सिसटिक (ठरावीक वेळाने टिक देणारा टायमर) या तीन हँडलरांची नावे जोडायची राहिली तरी लक्षण हुबेहूब हेच. ओळखायचे कसे? प्रोग्रॅम थांबवून प्रोग्रॅम काउंटर पाहावा. तो ०८००४००० च्या खाली असेल तर व्हीटॉर चुकला, वर असेल तर नावे जोडायची राहिली.

ॲप्लिकेशनमध्ये उडी मारण्यापूर्वी बूटलोडरने सिसटिक थांबवावा, चालू व प्रलंबित इंटरप्ट साफ करावेत आणि मग ॲप्लिकेशनचा स्टॅक पॉइंटर (तात्पुरती माहिती ठेवायच्या जागेचा पत्ता) भरावा. सिसटिक चालू राहिला तर शेड्यूलर तयार होण्याआधीच टिक येऊन हार्डफॉल्ट (प्रोसेसरला अडकवणारी गंभीर चूक) होतो. उलट, इंटरप्ट सरसकट बंद करून उडी मारली आणि ॲप्लिकेशनने ते उघडलेच नाहीत, तर पहिलाच डिले कधी संपत नाही.

सेमीहोस्टिंगचा, म्हणजे डिबगरमार्फत लॅपटॉपवर संदेश छापणारा, प्रिंटएफ हा आणखी एक छुपा चोर. तो ब्रेकपॉइंट सूचनेवर चालतो. ऐकायला डिबगर नसेल तर थेट हार्डफॉल्ट. संदेश यूएआरटी या सिरियल पोर्टवरच पाठवावेत.

‘मेलेल्या’ बोर्डांबद्दलही थोडे. पिनांच्या मांडणीत डिबग पर्याय बंद ठेवला की पीए १३ आणि पीए १४ या डिबगर जोडायच्या एसडब्ल्यूडी पिना साध्या पिना होतात आणि एसटी-लिंक या डिबगरला बोर्ड दिसेनासा होतो. अशा वेळी चिप कुठून सुरू व्हावी ते ठरवणारा बूट-० जंपर १ वर ठेवून रीसेट द्यावा, जोडणी करून फ्लॅश पुसावी, जंपर परत ० वर आणावा. पूर्ण फ्लॅश पुसली तर बूटलोडरही जातो, तो आधी भरावा. ओपनओसीडी हे डिबगिंगचे सॉफ्टवेअर ‘अनपेक्षित ओळखक्रमांक’ म्हणत असेल आणि क्रमांक १बीए ऐवजी २बीए ने सुरू होत असेल, तर चिप नकली आहे; कॉन्फिगमध्ये तो क्रमांक दिला की काम होते.

परीक्षकांना विनंती : डिबगरची वायर काढायला सांगा, वीज दहा सेकंद बंद ठेवून पुन्हा द्या आणि असे पाच वेळा करून पाहा. महाविद्यालयांनी प्रयोगशाळेच्या केबलमध्ये एनरीसेटची (चिपच्या रीसेट पिनची) वायरही घालावी. ती नसल्याने ‘कनेक्ट अंडर रीसेट’ (चिप रीसेटमध्ये धरून जोडणी) चालत नाही आणि विद्यार्थी रीसेटचे बटण दाबून, सोडून वेळ साधत बसतात.

– दोन एम्बेडेड अभियंते, नाशिक