समीरला, टेबलावर बसण्याआधी

स्टुटगार्ट,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय सम्या,

तुझा मेसेज वाचला आणि फोनच लावणार होतो, पण तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. शिवाय जे सांगायचंय ते फोनवर धड सांगता येणार नाही, म्हणून सरळ लिहायला बसलो. अरीनावर, म्हणजे मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या ऑनलाइन आवृत्तीत, सर्वात वरचा रँक, मिथिक! नोकरी, आईचं दुखणं, घराची दुरुस्ती हे सगळं सांभाळून डायमंडच्या वर गेलास. मनापासून अभिनंदन. डायमंडमध्ये दोन पायऱ्या वर आणि तीन खाली असं किती दिवस चालतं ते मला ठाऊक आहे.

आता तू कंपनीच्या कामासाठी इकडे येतोच आहेस, तर त्यातला एक शनिवार मी मागून घेतोय. इथल्या दुकानात रीजनल चॅम्पियनशिपची क्वालिफायर आहे, पायोनियर फॉरमॅट (कुठली कार्डं चालतात ते ठरवणारा प्रकार), म्हणजे तू अरीनावर खेळतोस तोच. तू लिहिलंस, "घरबसल्या चोवीस तास खेळाडू मिळत असताना अख्खा दिवस दुकानात कशाला घालवायचा? टेबलावर सगळं हळू चालतं." हळू चालतं हे खरंच आहे. सरावाच्या बाबतीत अरीनाला तोड नाही, तेही मान्य. पण अरीना तुझ्यासाठी गुपचूप किती कामं करतं याची यादी मांडली, तर मी तुला टेबलावर का ओढतोय ते कळेल.

पहिलं काम पिसण्याचं. तुझ्या आजोबांचा नियम आठवतो ना, पिसणारा एक आणि कापणारा दुसरा, कापल्याशिवाय एक पान वाटायचं नाही. इथे तोच नियम जास्त कडक आहे. स्पर्धेच्या पातळीवर तुझी डेक तू पिसायची, मग समोरच्याच्या हातात द्यायची आणि त्यानेही ती पिसायची. तूही त्याची पिसायचीस. डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला रिफल, म्हणजे गठ्ठ्याचे दोन भाग करून एकमेकांत गुंतवणं, साधारण सात वेळा लागतो. आपली डेक ६० पानांची आणि वर प्लास्टिकच्या स्लीव्ह चढवलेली, म्हणजे त्याहून थोडं जास्तच. येण्याआधी घरी हाताला सवय कर. ज्याचे हात पिसताना अडखळतात त्याचा वेळ तिथेच जातो.

दुसरं काम तुला बहुतेक जाणवलंही नसेल. तू सगळा रँक एका डावाच्या मॅचमध्ये मिळवलास. त्या पद्धतीत अरीना सुरुवातीला एकाहून जास्त हात काढून बघतं आणि ज्यात लँडचं (कार्डं टाकायला लागणारी ऊर्जा, म्हणजे मॅना, देणाऱ्या पानांचं) प्रमाण तुझ्या डेकमधल्या प्रमाणाच्या जवळ आहे तो हात बहुतेकदा तुला देतं. टेबलावर असा मधला माणूस नाही. ६० पानांत २४ लँड धरल्या, तर सात पानांच्या पहिल्या हातात एकही लँड नाही किंवा एकच आहे असं साधारण सातांतून एकदा होतं. दोन, तीन किंवा चार लँड येण्याची शक्यता ७७ टक्क्यांच्या आसपास. तुझ्या डेकमध्ये लँड २२ आहेत! अरीनावर त्या पुरल्या, इथे पुरणार नाहीत. निदान दोन वाढव. रंगांचा हिशोब करताना फ्रँक कार्स्टेनचे तक्ते समोर ठेव. हॉलंडचा हा गणिती खेळाडू मॅजिकच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि कुठल्या रंगाचं कार्ड कितव्या टर्नला टाकायला किती लँड लागतात हे त्याने मांडून ठेवलंय. हात वाईट आला तर मुलिगन घ्यायला, म्हणजे तो परत करून नवा हात घ्यायला, कचरू नकोस. २०१९ पासूनच्या नियमाने पुन्हा सात पानं बघायला मिळतात आणि एक खाली घालायचं असतं. पूर्वीच्या मानाने हे फार उदार आहे.

तिसरं काम ट्रिगरचं, म्हणजे काही घडलं की कार्डाचा जो परिणाम आपोआप लागू होतो त्याचं, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

गेल्या वसंतात इथल्याच एका क्वालिफायरमध्ये माझ्यासमोर एक कॉलेजातली मुलगी होती, रॅकडॉस मिडरेंज ही काळ्या-लाल रंगांची डेक घेऊन. तुझीच डेक म्हण. तिसरा, निर्णायक डाव, माझं लाइफ (शून्यावर गेलं की हरलो) चारवर. तिने शेओल्ड्रेड टाकली. चार मॅनाचा क्रीचर, ४/५ (चारचा मार देणारा, पाचचा सोसणारा), आणि समोरच्याने पान ओढलं की त्याचे दोन लाइफ जातात ती. टर्न माझा आला. मी अनटॅप केलं (वापरलेली पानं सरळ केली), पान ओढलं, हातातलं बघितलं आणि एक लँड खाली ठेवली. तिने काहीच म्हटलं नाही. मग मी एक कार्ड टाकलं, तिने "ओके" म्हटलं. त्यानंतर तिची नजर शेओल्ड्रेडवर गेली आणि तिने जजला बोलावलं.

जजने दोघांचं ऐकून घेतलं. ट्रिगर तिचा, म्हणून आठवण ठेवायची जबाबदारी तिची. ट्रिगर न सांगता तिने माझ्या पुढच्या कार्डाला "ओके" म्हटलं म्हणजे तो सुटला. नियमाप्रमाणे अशा वेळी तो आता मोजायचा की नाही हे समोरच्याने ठरवायचं असतं. जजने मला विचारलं आणि मी शांतपणे "नको" म्हटलं. चारचे चार राहिले. तिने मान हलवली, ठीक आहे म्हणाली, आणि खिशातला लाल फासा काढून माझ्या गठ्ठ्याशेजारी ठेवला. त्यानंतर मी पानाला हात लावला की तिचं बोट फाशावर असायचं. एकही ट्रिगर पुन्हा सुटला नाही, आणि डाव शेवटी तिनेच जिंकला.

तुला वाटेल, मी नको म्हणायला नको होतं. मी त्यावर ठाम आहे. शुक्रवारी संध्याकाळी फ्रायडे नाइट मॅजिकला हेच घडलं असतं तर मीच तिला आठवण केली असती, तिथे सगळे शिकायला येतात. क्वालिफायरमध्ये मात्र आपली पानं लक्षात ठेवणं हाच खेळाचा एक भाग आहे. तिने तो मान्य केला आणि पुढच्या टर्नपासून सुधारला. अरीनावर शेओल्ड्रेडचा ट्रिगर कधी सुटत नाही, त्यामुळे तुझ्या डोक्याला ती सवयच लागलेली नाही. रोज दोन डाव घरी एकट्याने, पानं मांडून, प्रत्येक ट्रिगर मोठ्याने म्हणत खेळ. घरचे विचारतील काय बडबडतोय, विचारू देत.

लाइफचंही तसंच. दोघांनी कागदावर लिहायचं, बदल झाला की तोंडाने सांगायचं. समोरच्याने तुझं लाइफ विचारलं तर खरंच सांगावं लागतं. हातात काय आहे ते सांगायचं बंधन नाही, पण खेळाच्या सध्याच्या स्थितीबद्दल खोटं बोललास तर स्पर्धेतून बाहेर. वेळ संपत आली म्हणून निकाल फासा टाकून ठरवायचा असं कुणी सुचवलं, तर नकार दे आणि जजला सांग. त्यालाही कडक शिक्षा आहे. वेळ दोघांत मिळून ५० मिनिटं, नंतर पाच जादा टर्न, आणि तरीही निकाल नाही लागला तर ड्रॉ. विजयाला तीन गुण, ड्रॉला एक, म्हणजे ड्रॉने दोघांचंही नुकसान. अरीनावरची ती वेळ दाखवत जळत जाणारी दोरी इथे नाही. समोरचा रेंगाळला तर "जरा लवकर खेळूया का?" म्हणायचं, त्यात संकोच वाटू देऊ नकोस.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. अरीनावर तुझ्याकडे फेटल पुश (समोरच्याचा क्रीचर मारणारं एका मॅनाचं कार्ड) आहे, एक काळी लँड मोकळी आहे आणि समोरच्याने क्रीचर टाकला, की खेळ क्षणभर थांबतो. त्या थांबण्यावरूनच त्याला कळतं की तुझ्याकडे काहीतरी आहे. फुल कंट्रोल (प्रत्येक टप्प्यावर खेळ थांबवणारी सोय) लावला तर ते झाकता येतं, पण प्रत्येक टर्नला कोण लावतो? टेबलावर थांबायचं की नाही हे तूच ठरवतोस. हातात नुसत्या लँड असतानाही दोन लँड मोकळ्या सोडून, हातातली पानं एकदा वर-खाली करून, मग "ओके" म्हणता येतं. समोरचाही तेच करत असतो. थॉटसीझने (समोरच्याचा हात बघून त्यातलं एक पान टाकायला लावणारं कार्ड) तू त्याचा हात बघितलास की उरलेली पानं लगेच कागदावर लिहून घे, नियमाने परवानगी आहे. चार टर्नांनंतर कुठलं कार्ड अजून त्याच्या हातात आहे हे तुला नक्की माहीत असेल, आणि त्यालाही ठाऊक असेल की तुला माहीत आहे. इथून पुढे खेळ खरा रंगतो.

आणि मॅच संपल्यावरचं बोलणं. अरीनावर हरलास की समोरचा गायब. त्याने तिसऱ्या टर्नला हल्ला का केला नाही, हातात काय धरून बसला होता, तुला कधीच कळत नाही. तू तुझ्या मनाने एक कारण ठरवतोस आणि पुढच्या मॅचला बसतोस. टेबलावर हात मिळवल्यावर पहिला प्रश्न असतो, "शेवटी हातात काय होतं?" आणि लोक हात उघडून दाखवतात. त्या मुलीने मला सांगितलं की शेओल्ड्रेड ती एक टर्न आधीच टाकू शकली असती, पण मी दोन निळ्या लँड सोडल्या होत्या म्हणून थांबली. त्या दोन लँड मी मुद्दाम सोडल्या होत्या, हातात एकही काउंटर (तिचं कार्ड रद्द करणारं कार्ड) नव्हता. ती हसली, मग आम्ही दोघांनी तो डाव चौथ्या टर्नपासून पुन्हा मांडून बघितला. अशा दहा मिनिटांत जे कळतं ते अरीनावर महिनाभर खेळून कळत नाही, असं माझं पक्कं मत आहे. तू इतका चांगला खेळतोस की तुला आता नेमकं हेच हवंय.

रिचर्ड गारफिल्डची गोष्ट तुला सांगितली होती का? तो गणितात पीएचडी करत होता आणि पीटर अ‍ॅडकिसनकडे एक वेगळाच, यंत्रमानवांच्या शर्यतीचा खेळ घेऊन गेला होता. अ‍ॅडकिसनची कंपनी लहान होती, तो खेळ छापणं तिला परवडणारं नव्हतं. त्याने उलट मागणी केली: खेळांच्या संमेलनात दोन मोठ्या खेळांच्या मधल्या वेळात, कुठेही बसून पटकन खेळता येईल असं काहीतरी दे. त्यातून १९९३ मध्ये मॅजिक आलं. म्हणजे समोरासमोर बसलेली दोन माणसं ही या खेळाची मूळ कल्पनाच आहे. इंटरनेटवरचं मॅजिक ऑनलाइन २००२ चं, आणि तू खेळतोस ते अरीना त्याच्याही पुष्कळ नंतरचं.

बारीकसारीक गोष्टी. डेकलिस्ट आधी द्यावी लागते, मुख्य ६० आणि साइडबोर्डची (डावांच्या मध्ये अदलाबदलीसाठी राखीव) १५, पूर्ण नावांसकट. यादी आणि डेक जुळली नाही तर दंड डाव गमावण्यापर्यंत जातो. प्रत्येक मॅचनंतर साइडबोर्ड वेगळा काढून मोजायची सवय लाव. स्लीव्ह नव्या आणि एकाच पाकिटातल्या घे. कोपरे मुडपले की पानं खुणेची ठरतात. कुणाची कार्डं जर्मन असतील तर घाबरू नकोस, जजकडे इंग्रजी मजकूर मागता येतो. आणि साइडबोर्डचा सराव कर, सम्या! एका डावाच्या खेळात तुला त्याची गरजच पडली नाही, इथे दुसरा आणि तिसरा डाव त्यावरच फिरतो. मोनो रेडविरुद्ध (नुसत्या लाल, वेगवान डेकविरुद्ध) थॉटसीझ काढायचे की ठेवायचे, हे येण्याआधी ठरवून ये. मी काढतो, दोन लाइफ स्वतःहून देणं तिथे परवडत नाही.

कार्डांच्या खर्चाची काळजी करू नकोस. थॉटसीझ चारही माझ्याकडे आहेत, फेटल पुशही. शेओल्ड्रेड दोन आहेत, बाकीच्या दुकानातल्या मंडळींकडून त्या दिवसापुरत्या उसन्या मिळतील, इथे ते सर्रास चालतं. तू फक्त पंचाहत्तर पानांची यादी बुधवारपर्यंत पाठव, म्हणजे शुक्रवारी दुकानात गेलो की विचारून ठेवतो. लँड २४ धरून पाठव.

काकूंना नमस्कार सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही यादीबरोबर कळव.

तुझा,
अभय