घोड्यासोबत चालणाऱ्या त्या तिघांचे आभार

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. पाय सतत ताठ, मांड्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आम्ही हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्यावर बसवून करायची थेरपी, सुरू केली. घोडा चालताना त्याच्या पाठीची लय स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वळवत हलवते, जवळजवळ माणूस चालताना हलते तशीच. जिला स्वतःच्या पायांवर चालता येत नाही, तिच्या कमरेला ती चाल अनुभवायला मिळते. मला याचं फार अप्रूप आहे.

त्या दिवशी बाहेर काहीतरी धाडकन पडलं. घोडा जागीच थबकला, पण लेक दचकली, सगळं अंग कडक झालं आणि ती एका बाजूला कलली. कुंपणापलीकडे माझ्या पोटात गोळाच आला.

घोडा धरणाऱ्या दादांनी त्याला शांत उभं केलं. दोन्ही बाजूंच्या ताईंनी तिला घाईघाईने खाली ओढलं नाही. एकीने मांडीवर हात आडवा ठेवून कंबर सावरली. दुसरीने तिची आवळलेली मूठ न उघडता तशीच घोड्याच्या उबदार मानेवर टेकवली आणि विचारलं, "उतरायचंय की थांबायचंय? सावकाश सांग."

तिला शब्द जुळवायला वेळ लागतो. बहुतेक लोक तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात. हे तिघं थांबले, माझ्याकडे न बघता, तिच्याकडेच बघत. हळूहळू मूठ सैल झाली आणि उत्तर आलं, "थांबू."

दादा, दोन्ही ताई, मनापासून आभार. पुढच्या वेळीही तुम्हीच हवेत, असं तिने बजावलंय.