हवेची नोंदवही ग्रामसभेत यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खनिज वाहतुकीच्या रस्त्यांवरची धूळ ‘मर्यादेत’ आहे, असे कोणी सांगितले की गोव्याच्या डिचोली तालुक्यातला माणूस नुसता हसतो. सकाळी बलकावाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, कठड्यावरून ओले फडके फिरवावे, तर दुपारी तिथे पुन्हा तांबडा थर. ऐन हंगामात काजूच्या मोहोरावरही तोच. तरीसुद्धा मर्यादेचा तो आकडा खोटाच असतो असे नाही. गोम सरासरीत आहे.

२००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम १० म्हणजे श्वासाबरोबर आत जाणारी धूळ चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. आता समजा, ट्रक धावतात त्या दहा तासांत ती २०० होती आणि उरलेल्या चौदा तासांत २५. हिशेब केला तर सरासरी येते ९८. नियमात! पण शाळेत जाणारी मुले आणि रस्त्याकडेचा दुकानदार सरासरी हवा घेत नाहीत, ते दुप्पट धुळीतच असतात. शिवाय हवा तपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात माणसांनी चालवायच्या केंद्रांवर नमुने आठवड्यातून दोनदाच घेतले जातात, वर्षाला १०४. बाकीच्या दिवसांत काय झाले, हे रस्त्यालगत राहणाऱ्यांनाच ठाऊक, आणि ते कुठेच लिहिलेले नसते.

ते लिहायला सुरुवात करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. खाणपट्ट्यातील प्रत्येक पंचायतीने प्रभागवार नोंदवही ठेवावी: धूळ कधी उठली, वारा कुठून होता, टँकरने पाणी कधी मारले, ट्रकवर ताडपत्री होती की नुसती डोक्यावर गुंडाळून ठेवली होती. वाऱ्याची नोंद महत्त्वाची, कारण आपल्याकडे सकाळी मतलई आणि दुपारी खारा वारा. धूळ कोणाच्या वाड्यावर जाते ते वेळेप्रमाणे बदलते. हे काम स्वयंसहाय्य गटातील महिला आणि माध्यमिक शाळेतील मुले सहज करतील. तामिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी दोन दशकांपूर्वी हेच केले. कोणत्या वेळी कसला वास आला याची ते नोंद ठेवत आणि बादलीत बसवलेल्या पिशवीत हवेचे नमुने भरून प्रयोगशाळेत पाठवत. त्यानंतर ‘वास येतो’ ही नुसती कुरकूर राहिली नाही.

हल्ली काही हजारांत मिळणाऱ्या छोट्या सेन्सरचा बोलबाला आहे. ते घ्यावेत, पण डोळे झाकून नव्हे. त्यांतला प्रकाशकिरण कणांवरून विखुरतो त्यावरून आकडा निघतो, त्यामुळे आपल्याकडच्या दमट पहाटे ते धुक्यालाही धूळ समजतात. उलट खनिजाची जाडसर धूळ त्यांना नीट पकडता येत नाही. म्हणून आधी काही आठवडे ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यंत्राशेजारी लावून पडताळून घ्यावेत, आणि मंडळाने त्याला आडकाठी करू नये. सेन्सरपेक्षा माझा भरवसा नोंदवहीवर जास्त आहे. ट्रकवर ताडपत्री नव्हती, हे कुठलाच सेन्सर सांगत नाही.

नोंदवहीत एक रकाना आपल्यासाठीही हवा. पातेरा गोळा करून परसात पेटवायचा आणि त्यातच दुधाच्या पिशव्या, चपला टाकायच्या, हे आमच्या वाड्यावाड्यांत रोज संध्याकाळी चालते. थंडीत तो धूर वर जात नाही, शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच दिला आहे. २०१९ च्या मे महिन्यात सोनसडोचा कचऱ्याचा ढीग पेटला तेव्हा सगळे मडगाव नाक धरून होते. परसातल्या धुराला मात्र कोणी धूर म्हणतच नाही. खाणीकडे बोट दाखवणाऱ्या गावाने पातेरा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा, तर त्या बोटाला वजन येईल.

कायदा लोकांच्या बाजूने आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या कलम ४३ नुसार साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात तक्रार करू शकतो, आणि मागणी केल्यास मंडळाने संबंधित अहवाल त्याला द्यायचे असतात. पणजीत स्मार्ट सिटीच्या धुळीविरुद्ध नागरिक उच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०२४ मध्ये न्यायमूर्ती स्वतः कामे पाहायला रस्त्यावर उतरले होते. वेळ-तारखेनिशी लिहिलेली नोंद हाती असेल, तर प्रत्येक वेळी तिथवर जाण्याची पाळी येणार नाही. पंचायत सचिवाच्या टेबलावरच बरेचसे मिटेल.

पावसाळ्यात खनिज वाहतूक थांबलेली असते. नोंदवही तेव्हाच उघडावी, म्हणजे ट्रक सुरू होण्याआधीची हवा कशी होती तेही कागदावर राहील. त्यासाठी ठराव चतुर्थीपूर्वीच्या ग्रामसभेतच यायला हवा, आणि मंडळाचे त्या भागातील आकडे दर महिन्याला पंचायतीच्या सूचना फलकावर मराठी-कोंकणीत लावावेत, हेही त्यात घालावे.

आपला,
एक वाचक, डिचोली