अण्णांच्या टीबीबद्दल

प्रिय संज्या,

अण्णांना फुफ्फुसाचा टीबी निघाल्याचं वाचलं. फोनवर अण्णा शेजारी असतात, म्हणून सविस्तर लिहितोय. तू म्हणतोयस आधी टीबीचा कोर्स संपू दे, शुगरचं नंतर बघू. असं करू नकोस रे. टीबी एवढा वाढायला शुगरच कारणीभूत असणार.

टीबीचा जंतू आत शिरला की त्याला गिळायला रक्तातल्या पेशी धावतात, पण शुगर कायम चढलेली असली की त्या उशिरा पोचतात आणि धड मारतही नाहीत, तोवर जंतू भरमसाट वाढतात. मी लॅबमध्ये रोज बेडक्याच्या स्लाइड बघतो, निळ्यावर बारीक गुलाबी काड्या दिसतात ते जंतू, कुणाच्या स्लाइडवर शोधून चार सापडतात आणि कुणाच्या प्रत्येक फील्डमध्ये नुसती गर्दी, म्हणजे थ्री प्लस. अशांचे पेपर उलटले की बऱ्याचदा शुगर तीनशेच्या घरात असते. अण्णांच्या एक्स-रेत पोकळी खालच्या बाजूला होती आणि आधी न्यूमोनियाची औषधं दिली ना, तेही यातलंच. टीबी सहसा फुफ्फुसाच्या वरच्या भागात धरतो, शुगरवाल्यांत खालीही सापडतो, मग चकवा बसतो.

शुगर हाताबाहेर राहिली तर बेडका निगेटिव्ह व्हायला वेळ लागतो, टीबी उलटायची भीती वाढते. आणि तुझ्यापासून लपवत नाही, शुगर असलेल्या टीबी पेशंटच्या जिवाला धोका जवळपास दुप्पट असतो.

त्यात रिफाम्पिसिन, म्हणजे लघवी केशरी करणारं टीबीचं औषध, ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांचा असर कमी करतं, आणि टीबीमुळेही शुगर चढते, म्हणजे आधीचा डोस पुरेलच असं नाही. दोन्ही फाइली एकाच डॉक्टरसमोर ठेव. काही महिने इन्सुलिन लागू शकतं, अण्णा सुईला नाही म्हणतील, पण तू त्यांना तयार कर. आयसोनियाझिड या टीबीच्याच दुसऱ्या औषधाने पायाला मुंग्या येतात, शुगरनेही येतात, त्यासाठी बी-सिक्स व्हिटॅमिनची गोळी दिलीये का तेही विचार.

काकू अशक्तपणा म्हणून शिरा, केळी, ग्लुकोज बिस्किटं देत असतील, मायेपोटीच. पण त्यापेक्षा अंडी, डाळ, शेंगदाणे, भाकरी-भाजी दे म्हणावं. उपाशी मात्र ठेवू नका, टीबीत वजन वाढायलाच हवं. टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिचे महिना १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ च्या आधी ५०० होते) खात्यात येतात, नाव नोंदलंय का ते आरोग्य केंद्रात विचारून घे, त्यात अंडी तरी येतील.

कोर्स सहा महिन्यांचा आहे, दोन महिन्यांनी ताप-खोकला गेला की अण्णा गोळ्या बंद करायला बघतील, तेव्हा तू घरी असायला हवंस. आणि तू, काकू, वहिनी सगळ्यांनी छातीचा एक्स-रे काढून घ्या, तुझी शुगरही तपास, वडिलांना आहे म्हटल्यावर तू चाळिशीत टाळतोयस ते मला बरं वाटत नाही.

शेवटचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) आणि थुंकीचा रिपोर्ट दोन्हींचे फोटो आजच पाठव.

तुझा,
दिल्या