फौजेत का जातात, आणि कागदावर काय असतं

नॉरफोक, व्हर्जिनिया

प्रिय दादा आणि वहिनी,

सा. न. वि. वि.

धाकट्याच्या डोक्यात परदेशातली फौज शिरली आहे, हे कळलं. चांगल्या घरची, शिकलेली मुलंही आपणहून तिकडे का जातात, असं वहिनींनी विचारलंय. त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही. पत्र त्यालाही वाचायला द्या.

आधी एक गैरसमज. सगळ्यात गरीब मुलंच फौजेत जातात, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत सक्तीची भरती १९७३ साली थांबली, त्यानंतरचा प्रत्येक शिपाई स्वेच्छेने आलेला आहे. आणि त्यातले बरेचसे मधल्या उत्पन्नाच्या वस्त्यांतून येतात. श्रीमंतांना गरज वाटत नाही, हे उघड आहे. अगदी गरिबांना इच्छा असते, पण ते दारातच अडतात. शाळेचं प्रमाणपत्र हवं, लेखी परीक्षा पास हवी, तब्येत हवी, पोलिसांत नाव नको. १७ ते २४ वयातल्या फक्त २३ टक्के तरुणांना कुठलीही खास सूट न घेता भरती होता येईल, असं पेंटागॉनच्याच २०२० च्या पाहणीत निघालं. बाकीचे वजन, अमली पदार्थ, मानसिक आजार यांत गळतात. २०२२ मध्ये लष्कराला ६०,००० माणसं हवी होती, जवळपास १५,००० कमी पडली. तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला एक तयारी वर्ग काढला. परीक्षेत थोडक्यात हुकलेल्यांना तिथे गणित-इंग्रजी शिकवतात, जास्त वजनाच्यांना ते उतरवायला लावतात. मुदत जास्तीत जास्त ९० दिवस.

पैशाहून मोठं कारण म्हणजे घर. ज्याचा बाप, मामा किंवा थोरली बहीण फौजेत आहे त्याला बदली म्हणजे काय, पगार कधी होतो, क्वार्टर कसं मिळतं हे लहानपणापासून ठाऊक असतं. अनोळखीपणाची भीती निघून गेलेली असते. म्हणून मोठ्या तळांच्या आसपास आणि दक्षिणेकडच्या राज्यांत भरती जास्त. फौज हा हळूहळू काही घराण्यांचा व्यवसाय होत चालला आहे, आणि युद्धाचे निर्णय घेणाऱ्यांच्या घरात गणवेश क्वचितच दिसतो. मला हे काही बरं लक्षण वाटत नाही, पण ते असो.

तिसरं कारण शिक्षण, आणि इथे आकडे नीट समजून घ्यायला हवेत. २००१ नंतर सेवा केलेल्यांसाठीचा जो जीआय बिल कायदा आहे, त्यात ३६ महिने सक्रिय सेवा झाली की सरकारी विद्यापीठाची राज्यातल्या विद्यार्थ्याला लागते तेवढी फी पूर्ण भरली जाते, वर घरभाडं आणि पुस्तकांना वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. हा लाभही एकूण ३६ महिन्यांचा, म्हणजे नऊ महिन्यांची चार शैक्षणिक वर्षं. सेवा कमी झाली तर टक्केवारी खाली येते. लाभ बायकोमुलांच्या नावे करायचा असेल तर सहा वर्षं झालेली हवीत आणि पुढची चार द्यायची तयारी हवी. शिवाय अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो. गणवेश उतरवल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही, आणि पुष्कळांना तेव्हाच होते. सगळ्यात मोठी मेख डिस्चार्जच्या, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या दाखल्याच्या शेऱ्यात आहे. तो 'ऑनरेबल' असावा लागतो. त्याच्या एक पायरी खालचा, 'जनरल', ऐकायला वाईट वाटत नाही, पण त्यावर शिक्षणाचा हा लाभ मिळत नाही. किरकोळ शिस्तभंग साठत गेले की हाच शेरा पडतो.

आता नागरिकत्व, म्हणजे धाकट्याच्या मनात बहुधा हेच असणार. विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी वर अमेरिकी फौजेत घेत नाहीत. ग्रीन कार्ड लागतं. मधल्या काळात, २००९ पासून, ठरावीक भाषा येणाऱ्यांना आणि वैद्यकीय कौशल्य असणाऱ्यांना व्हिसावरही घेण्याची 'मावनी' नावाची योजना होती. २०१६ मध्ये ती थांबली. करार झालेले कित्येक जण त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी संपण्याची वर्षानुवर्षं वाट बघत राहिले आणि तोवर त्यांच्या व्हिसाच्या मुदती सरल्या. आजही कुणी त्या योजनेच्या नावाने काही सांगितलं तर तिथेच उठावं.

ग्रीन कार्डवाल्याला मात्र फायदा खरा आहे. एरवी पाच वर्षं थांबावं लागतं ती अट सैनिकाला नाही, फीही नाही. पण एकूण पाच वर्षांची चांगली सेवा व्हायच्या आत वाईट शेऱ्याने बाहेर पडला तर मिळालेलं नागरिकत्व काढून घेता येतं. नागरिक होईपर्यंत अधिकारी होता येत नाही, आणि गुप्ततेचा परवाना लागणारी कामं, म्हणजे गुप्तवार्ता, अणुपाणबुडी, पुष्कळसं इलेक्ट्रॉनिक्स, बंद असतात. उरतं काय, तर पायदळ, स्वयंपाकघर, ट्रक, भांडार अशी कामं. पदवी असेल तर लष्करात वरच्या श्रेणीचा शिपाई म्हणून सुरुवात होते, पण शिपाईच. आणि आपल्या बाजूचं एक कलम कुणी सांगत नाही: दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं, आणि परदेशी फौजेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, मिळत नाही. घरी यायचं तर प्रत्येक वेळी व्हिसा. धाकट्याने हे दोनदा वाचावं.

काहींना फौज माणूस म्हणून उभं राहायला जागा देते. हे आपल्याला परक्यांकडून शिकायला नको. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला गावात शाळेच्या दारात उभं करत नव्हते त्याच्या मुलांना पलटणीत अक्षरं मिळाली. म्हणूनच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा इतके अर्ज-विनंत्या झाल्या, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचं इतकं महत्त्व वाटलं. इकडे अमेरिकेत, जपानशी युद्ध चालू असताना, १९४३ मध्ये जपानी वंशाचे तरुण, ज्यांचे आईबाप तारेच्या कुंपणाआड छावण्यांत डांबले होते, ते त्याच सरकारच्या ४४२ व्या रेजिमेंटमध्ये आपणहून गेले, कारण आपण इथलेच आहोत हे सिद्ध करण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. पण फौज दार उघडते म्हणजे आतल्या सगळ्या खोल्या उघडतेच असं नाही. फिलिपिनो तरुणांना अमेरिकी नौदलाने कित्येक दशकं घेतलं, पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेकांना अधिकाऱ्यांचे वाढपी म्हणूनच राबवलं. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या पलटणी मोडायचा हुकूम ट्रुमननी १९४८ मध्ये काढला, तोवर त्यांची दोन महायुद्धं लढून झाली होती.

ध्येयासाठी जाणारेही असतात, त्यांना हसू नये. पॅट टिलमन हा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू लाखो डॉलरचा करार सोडून २००२ मध्ये साधा शिपाई झाला. २००४ मध्ये अफगाणिस्तानात तो आपल्याच माणसांच्या गोळीने गेला, आणि घरच्यांना आधी शत्रूच्या गोळीने गेला असं सांगण्यात आलं.

कारण कुठलंही असो, भरतीच्या टेबलावर ते कुणी लिहून घेत नाही. लिहिला जातो तो करार, आणि त्यात छापलेलंच असतं की या कागदाबाहेर कुणी दिलेलं वचन धरलं जाणार नाही. म्हणून ज्या कारणासाठी जायचं ते जोडपत्रात सापडतंय का ते बघायचं. ठरावीक काम हवंय? कामाचं नाव लिहिलेलं हवं. बोनस? रक्कम आणि केव्हा परत करावा लागेल ते हवं. चार वर्षांचा करार म्हटला तरी एकूण बांधीलकी आठ वर्षांची असते. उरलेली राखीव यादीत, तिथून परत बोलावता येतं. सही करून प्रशिक्षणाला निघेपर्यंतच्या मुदतीत मन बदललं तर बाहेर पडता येतं, मग रिक्रूटर, म्हणजे भरती करणारा अधिकारी, काहीही म्हणो. तब्येतीची माहिती लपवायला तोच सुचवेल, तर ऐकू नये. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा आता जुन्या वैद्यकीय नोंदींतून संगणकावर दिसतो, आणि न सांगितलेला आजार पुढे फसवणूक ठरतो.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. फ्रान्सची फॉरेन लीजन ही पलटण १८३१ पासून परदेश्यांना घेते. वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, पहिला करार पाच वर्षांचा, तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. पण फ्रान्समधल्या त्यांच्या भरती केंद्राच्या दारात स्वतः हजर व्हावं लागतं, फी एक पैसा नाही, आणि फ्रेंच तिथेच शिकवतात. कुठलाही एजंट 'लीजनमध्ये लावून देतो' म्हणाला तर तो खोटं बोलतोय.

आणि रशिया. मदतनीसाची नोकरी, चांगला पगार, पुढे तिथलं वास्तव्य, असं सांगून एजंटांनी आपल्याकडच्या मुलांना नेलं आणि रशियन भाषेतल्या करारावर सह्या घेऊन युक्रेनच्या आघाडीवर पाठवलं. काही जण मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या दलालांवर गुन्हा नोंदवला, जुलैत पंतप्रधानांनी मॉस्कोत विषय काढला. त्या मुलांची कारणं आपल्या धाकट्यापेक्षा वेगळी नव्हती.

त्याला सांगा, आधी काय हवंय ते एका कागदावर लिहून मला पाठव: पदवी, पगार, नागरिकत्व की नुसता गणवेश. पहिल्या दोन्हींसाठी आपल्या देशातली भरती आधी पडताळून बघू. अग्निवीर झाला तर चार वर्षं आणि पुढे चारातल्या एकालाच कायम, हे गणितही त्याच कागदावर मांडू.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
धाकटी