आधी खाऊ, मग रजिस्टर

प्रति,
माननीय ब्रिजेट फिलिपसन,
शिक्षणमंत्री, ब्रिटन सरकार

विषय: घरी शिकणाऱ्या मुलांची नोंदणी आणि लहान मुलांसाठीच्या कौन्सिलच्या (इथल्या पालिकेच्या) सेवा

मंत्रिमहोदया,

हे पत्र मराठीत का, ते आधी सांगते. इंग्रजी प्रत आपल्या खात्याला वेगळी पाठवली आहे. तिची पोच येईल, आभाराचे दोन शब्दही येतील. पण मी ज्या घरांबद्दल लिहिते आहे त्या घरांतल्या आयांनी, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर नातवंडं सांभाळायला आलेल्या आज्यांनी, हे आपल्याआधी वाचावं असं मला वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात माझी मावशी आमच्याकडे आली होती. वाई तालुक्यात तिने एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका म्हणून काम केलं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटीला कडेवर घेऊन तिने विचारलं, "इथली अंगणवाडी कुठाय गं?" मी तिला चालत दहा मिनिटांवरच्या एका विटांच्या बैठ्या इमारतीपाशी घेऊन गेले. दारावर चिल्ड्रन्स सेंटरची फिकट झालेली पाटी होती आणि दाराला कुलूप. मावशीने काचेतून आत डोकावून पाहिलं. छोट्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. "खुर्च्या चांगल्या आहेत," एवढंच ती म्हणाली.

त्या खुर्च्यांचा इतिहास आपल्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, कारण तो आपल्याच लेबर पक्षाचा आहे. १९९८ मध्ये लहान मुलांसाठीच्या शुअर स्टार्ट योजनेची घोषणा झाली. २०१०च्या सुमारास इंग्लंडभर साडेतीन हजारांच्या आसपास चिल्ड्रन्स सेंटर होती. बाळाचं वजन, आईची विचारपूस, बोलायला उशीर करणाऱ्या मुलांसाठी स्पीच थेरपी, नोकरी शोधणाऱ्या बापाला सल्ला, सगळं एका छपराखाली. पुढे पैसा आटला आणि एकामागून एक सेंटर बंद होत गेली किंवा आठवड्यातून काही तासांपुरती उरली. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये हिशेब मांडला: गरीब घरातलं जे मूल लहानपणी अशा सेंटरच्या जवळ राहत होतं, त्याचे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेतले गुण चांगले वाढले, एकूण सुमारे तीन ग्रेडने. म्हणजे पेरलेलं उगवलं होतं. ते उगवल्याचं कळलं तेव्हा शेत विकून झालं होतं.

आता आपण त्याच धर्तीची बेस्ट स्टार्ट फॅमिली हब उघडता आहात, २०२८ अखेरपर्यंत एक हजारापर्यंत, पन्नास कोटी पौंड खर्चून. त्याबद्दल मनापासून आभार. पण साडेतीन हजार कुठे आणि एक हजार कुठे, हा हिशेब दुसरीतलं पोरही करेल. माझ्याकडे तसं एक घरीच आहे.

त्या पोरामुळेच हे पत्र लिहिते आहे.

आम्ही इथे आलो तेव्हा फेब्रुवारी होता. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी नऊ महिन्यांची. नवरा कंपनीने पाठवलेला, म्हणजे शाळेचं वर्ष अर्धं सरल्यावर. अशा मुलांच्या अर्जावर पंधरा शालेय दिवसांत उत्तर द्यावं असा नियम आहे. आम्हाला उत्तर यायला अकरा आठवडे लागले, आणि मिळालेली शाळा होती दोन बस बदलून जाण्यासारखी. ढकलगाडीत बाळ, एका हातात सहा वर्षांचा मुलगा, पावसात दोन बस, सकाळी आणि पुन्हा दुपारी. मी नाही म्हटलं. (आमच्या कौन्सिलचं नाव घेत नाही. तिथल्या बायका चांगल्या होत्या आणि त्यांच्याही टेबलावर फायलींचा ढीग होता.)

त्या अकरा आठवड्यांत मुलाला स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शिकवत होते. बालभारतीचं पुस्तक, लायब्ररीतून आणलेली इंग्रजी पुस्तकं, पोळ्यांवर अपूर्णांक. तो नीट शिकत होता. मग आम्ही ठरवलं, असंच चालू ठेवायचं. १९९६च्या शिक्षण कायद्यात मुलाने शाळेत जाऊन किंवा "अन्य प्रकारे" शिकावं असं म्हटलं आहे, आणि ते "अन्य प्रकारे" १९४४च्या कायद्यापासून चालत आलं आहे. जे मूल इथल्या शाळेत कधी दाखलच झालं नाही, त्याच्याबद्दल कौन्सिलला कळवायची सक्ती नव्हती. तरी मी कळवलं. आपल्याकडची सवय: सरकारला सांगितलेलं बरं.

कळवल्यावर मात्र यंत्रणा जागी झाली. ज्या कौन्सिलला मुलासाठी शाळा शोधायला अकरा आठवडे लागले, तिच्या बाई तिसऱ्या आठवड्यात दारात होत्या. स्वभावाने गोड. पाऊण तास बसल्या, चहा घेतला, मुलाच्या वह्या पाहिल्या. बालभारती उलटंसुलटं करून पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. वेळापत्रक विचारलं, मुलाला मित्र आहेत का ते विचारलं. मी विचारलं, फुटबॉल, पोहणं, विज्ञानाचे प्रयोग, यांपैकी कशात कौन्सिल मदत करते का? त्यांनी एक पत्रक दिलं. त्यावर लायब्ररीचा पत्ता होता. लायब्ररीचं कार्ड आम्ही आल्याच्या पहिल्या आठवड्यातच काढलं होतं.

बाई गेल्यावर मला मावशीची आठवण आली. तिच्याकडे एकेकाळी अकरा रजिस्टरं असायची. गावातलं प्रत्येक पोर त्यांत होतं: जन्म, वजन, लस, कुणाची आई पुन्हा गरोदर, कोण ऊसतोडीला गेलं. सरकारला माणसांची एवढी बारीक माहिती देणारी दुसरी यंत्रणा मला माहीत नाही, आणि तरी तिला पाहून कुणी दार लावून घेतलं नाही. कारण ती रिकाम्या हाताने येत नसे. तीन वर्षांखालच्या पोरांसाठी घरी न्यायचा शिधा, मोठ्यांना गरम खिचडी, आणि सकाळचे चार तास पोरं तिच्याकडे, म्हणजे आई रानात जायला मोकळी. आधी खाऊ, मग रजिस्टर. त्या यंत्रणेत दोष आहेत, पुष्कळ आहेत. मावशीसारख्या बायकांना तुटपुंज्या मानधनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. पण क्रम बरोबर होता.

आपला क्रम उलटा आहे, एवढंच माझं म्हणणं.

१७ डिसेंबर २०२४ रोजी आपण संसदेत विधेयक मांडलंत. शाळेत न जाणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद कौन्सिलने ठेवायची, पालकांनी माहिती पुरवायची. त्याच दिवशी वोकिंगमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीच्या बापाला आणि सावत्र आईला तिच्या खुनाबद्दल शिक्षा सुनावली गेली. एप्रिल २०२३ मध्ये तिला शाळेतून काढलं, ऑगस्टमध्ये ती गेली. त्या मुलीबद्दल वाचून मी रात्रभर जागी होते, आणि नोंदणीला सरसकट विरोध करणाऱ्या गटांमध्ये मला सामील होता आलं नाही ते तिच्यामुळे. पण तिच्या बाबतीत नोंद नव्हती असं नाही ना? ती जन्मली तेव्हापासून कौन्सिलच्या कागदांत होती. तिच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी कौन्सिलकडून घरभेटीला माणूस गेलाही, पण जुन्या पत्त्यावर. तिथे आणखी एका रजिस्टरने काय झालं असतं?

हे पहिल्यांदा घडतं आहे असंही नाही. २००८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शाळेतून काढलेली सात वर्षांची मुलगी उपासमारीने गेली. २००९ मध्ये सरकारने नेमलेल्या ग्रॅहम बॅडमन यांचा घरच्या शिक्षणावरचा अहवाल आला: दरवर्षी नोंदणी, घरात जाण्याचा हक्क, मुलाशी एकट्याने बोलण्याचा हक्क. घरी शिकवणारे पालक पेटून उठले आणि २०१०च्या निवडणुकीआधी ती कलमं गळाली. तेव्हा ते पालक म्हणत होते, हे चोर सोडून संन्याशाला फाशी आहे. मी तेवढं टोकाचं म्हणत नाही. २०२४च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये १,११,७०० मुलं घरी शिकत होती, आदल्या वर्षी ९२,०००. एवढी मुलं कुठे आहेत हे सरकारला माहीत हवं, हे मान्य. मात्र विधेयकाच्या मूळ मसुद्यात आई किती वेळ शिकवते आणि बाप किती वेळ, याचाही रकाना होता. पोळी लाटताना पाढे म्हणून घेतले तर तो वेळ कुणाच्या नावावर टाकायचा, मंत्रिमहोदया?

आता आमच्यासारख्यांचं वेगळं दुखणं. आमच्या व्हिसाच्या अटींत एक ओळ असते: नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स. सरकारी मदतीवर हक्क नाही. त्याच व्हिसासाठी आरोग्य अधिभार भरावा लागतो, मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड, मुलामागे ७७६. कर तर आहेच. सप्टेंबर २०२५ पासून नोकरदार आईबापांच्या नऊ महिन्यांपुढच्या मुलांना आठवड्याला तीस तास नर्सरी सरकारी खर्चाने मिळते. आमच्याच इमारतीतल्या एका मराठी घरात दोघंही नोकरीला आहेत आणि दोघांच्याही व्हिसावर ती ओळ आहे. त्यांना ते तास मिळत नाहीत. त्यांच्या मुलीच्याच वर्गात, त्याच वाळूच्या ट्रेमध्ये खेळणाऱ्या दुसऱ्या मुलीला मिळतात. मग अशा घरांत काय होतं? एकाची नोकरी सुटते, बहुधा आईची. आजी येते, सहा महिन्यांनी तिला परत जावं लागतं, दुसरी आजी येते. मूल घरात वाढतं, बाहेरचं इंग्रजी फारसं कानावर पडत नाही, आणि अडीच वर्षांच्या तपासणीला हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांची नर्स, प्रश्नावली भरताना विचारते, हा इतरांत मिसळत नाही का?

नोंद करताना मात्र व्हिसाची ओळ कुणी पाहत नाही. तिथे आम्ही सगळ्यांसारखे.

आणि भीतीचं काय? २०१६ मध्ये आपल्या खात्याने शाळांमार्फत मुलांचं राष्ट्रीयत्व आणि जन्मदेश विचारायला सुरुवात केली होती. शाळांकडची मुलांची माहिती होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या गृहखात्याला, दिली जाते हेही तेव्हा उघड झालं. पालकांनी बहिष्कार घातला आणि २०१८ मध्ये ते प्रश्न बंद करावे लागले. सरकार तेव्हा आपलं नव्हतं, पण खातं हेच होतं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आजही एखादी नवी आई विचारते, "फॅमिली हबमध्ये नाव दिलं तर व्हिसाला काही होत नाही ना?" दहा जणी तिला समजावतात, काही होत नाही. अकरावी हळूच लिहिते, "पण कशाला उगाच?" त्या अकरावीला उत्तर द्यायला माझ्याकडे कायद्याचं एकही कलम नाही. नव्या विधेयकात मुलांची माहिती एका क्रमांकाने जोडायची वाट मोकळी केली आहे. डॉक्टर, शाळा, सोशल वर्कर, सगळे एका धाग्यात. मुलांच्या सुरक्षेसाठी तो धागा लागेल, मान्य. पण तो होम ऑफिसपर्यंत जाणार नाही असं कायद्यात लिहा. परिपत्रकात नको, परिपत्रकं बदलतात.

नर्सरीच्या तीस तासांसाठी मुलाकडे पाहा, आईबापांच्या व्हिसाकडे नको. आणि नोंद केलेल्या घराला काहीतरी द्या. विधेयकात कौन्सिलने घरी शिकवणाऱ्यांना सल्ला आणि माहिती द्यावी असं आहे. सल्ला आम्हाला आयाबायांकडून रोज फुकट मिळतो. घरी शिकलेल्या मुलाला जीसीएसई द्यायची तर परीक्षा केंद्र स्वतः शोधावं लागतं आणि फी खिशातून भरावी लागते. केंद्र द्या, फी द्या. एखाद्या शाळेची प्रयोगशाळा शनिवारी उघडी ठेवा. ती विटांची इमारत उघडा. खुर्च्या अजून आत आहेत. तसं झालं तर नाव नोंदवायला आया रांगेत उभ्या राहतील आणि जी येणार नाही तिच्याकडे आधी जायचं हे कौन्सिललाही कळेल. मावशी गावात तसंच करायची. तीन दिवस खाऊ न्यायला कुणी आलं नाही की चौथ्या दिवशी ती स्वतः त्या घरी जायची. आणि घर बदललं असलं तर नवं घर कुठलं, हे तिला ठाऊक असायचं.

कौन्सिलचं या वर्षीचं पत्र परवा आलं आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा भेट. मी वह्या काढून ठेवल्या आहेत, चहाही करीन. त्या बाईंच्या हातात या वेळी पत्रकाशिवाय काहीतरी असू द्या.

आपली,
लंडनच्या पश्चिमेला राहणारी एक आई