रात्री साडेनऊला धावून आलेल्या त्या दादांचे आभार

आमच्या लातूरच्या घरातील खाऱ्या पाण्याच्या टाकीत गेल्या महिन्यात पफर मासा (अंग फुगवणारा मासा) समुद्रफुलाला, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या दंश करणाऱ्या समुद्री प्राण्याला, जाऊन चिकटला आणि त्याच्या एका कुशीवर पांढरे चट्टे उमटले. पफरच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसल्यामुळे समुद्रफुलाच्या दंशपेशींचा मारा त्याला थेट कातडीवर बसतो. हे दोघांना एकत्र ठेवण्यापूर्वी मला कळायला हवे होते.

मत्स्यालयाच्या दुकानात फोन केला, तेव्हा तेथील कामगार दादा दुकान बंद करून निघाले होते. तरीही ते तयार खाऱ्या पाण्याचे दोन कॅन घेऊन घरी आले. (ज्या गावाने 2016 साली पिण्याचे पाणी रेल्वेने आणलेले पाहिले, तिथे समुद्राचे पाणी जिन्यावरून वर चढताना पाहून शेजारी हसले.) मी जाळी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली, मासा पाण्याबाहेर आला तर हवा गिळून फुगतो आणि ती हवा सहज सुटत नाही, असे सांगून त्यांनी प्लास्टिकचा जग पाण्याखाली तिरका धरला आणि तो स्वतःहून आत शिरेपर्यंत कोपर बुडवून दहा मिनिटे तसेच उभे राहिले. वेगळ्या टाकीत त्याला सोडल्यावर दिवा मालवला आणि तांबे असलेले औषध टाकू नका, असे बजावले.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. पुढचे चार दिवस सकाळी त्यांचा फोन येई, "खाल्लं का काही?" पाचव्या दिवशी त्याने कोळंबीचा तुकडा कचकन तोडला, तेव्हा पहिला फोन मी त्यांनाच केला. दादा, मनापासून आभार.